रजेचा अर्ज आणि मालकाची मर्जी

दिवाळीचे दिवे विझत नाहीत तोच दिल्लीच्या आनंद विहार स्थानकावर माणसांचा लोंढा सुरू होतो. पाठीवर पिशव्या, डोक्यावर बोचकी, कडेवर मुले घेतलेले हे लोक गुडगाव, मानेसर, फरीदाबाद, नोएडा, साहिबाबाद येथील कारखान्यांतून आणि बांधकामांवरून निघालेले असतात. छठपूजेसाठी त्यांना बिहारला किंवा पूर्व उत्तर प्रदेशात पोचायचे असते. वृत्तपत्रे या गर्दीची छायाचित्रे छापतात, रेल्वे खाते विशेष गाड्यांचे आकडे जाहीर करते, पुढारी फलाटावर येऊन पाहणी करून जातात. गाडीत जागा न मिळालेल्यांची निदान चर्चा तरी होते. परंतु ज्यांना स्थानकापर्यंत पोचण्याचीच मुभा मिळाली नाही, ज्यांचा रजेचा अर्ज कारखान्याच्या कार्यालयात तसाच पडून राहिला, ते कोणाच्याही छायाचित्रात येत नाहीत.

अशांपैकी एका तरुणाशी बोलण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो ठेकेदाराकडून कामाला होता. गाव समस्तीपूर जिल्ह्यात. त्याने नियमाप्रमाणे आधीच रजा मागितली होती. साहेब नाही म्हणाले का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "नाही कुठे म्हणाले? देखेंगे, म्हणाले." दिवाळी आली आणि गेली, साहेब पाहतच राहिले. गावी आईने व्रत धरले, मुलगा मानेसरला रात्रपाळीत उभा राहिला. त्याची रजा नाकारली गेली असे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. उद्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात कोणी चौकशी केलीच, तर रजा नाकारल्याचे एकही प्रकरण आपल्याकडे नाही, असे सांगायला तो कारखाना मोकळा आहे.

'पाहू' हे उत्तर हीच आजच्या रजेच्या प्रश्नाची खरी गाठ आहे. वर्षाला किती रजा द्यायची याचा आकडा कायद्याने ठरवला, ती केव्हा घ्यायची याचा निर्णय मात्र व्यवहारात मालकाच्या हाती राहिला. ज्या हक्काची वेळ दुसरा ठरवतो तो हक्क निम्मा तरी उरतो का, हा प्रश्न आपल्या चळवळीने पुरेशा नेटाने विचारलेला नाही, असे या लेखकाचे मत आहे.

महाराष्ट्रातील जुन्या कार्यकर्त्यांना यात नवे काही वाटणार नाही. गिरणगावातला कोकणी चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी जाण्यासाठी असाच तळमळत असे. घाटावरचा कामगार गावच्या जत्रेसाठी. मालक याला 'गैरहजेरी' म्हणत आणि तिच्यावर उपाय म्हणून त्यांनी बदली कामगारांची फौज गिरणीच्या फाटकाबाहेर उभी ठेवली. कायम कामगाराच्या आजारपणावर बदलीवाल्याची त्या दिवसाची चूल अवलंबून, अशी ही व्यवस्था. एका कामगाराची विश्रांती ही दुसऱ्याची रोजी, आणि दोघांच्या मध्ये उभा जॉबर.

१९२९ साली नेमल्या गेलेल्या व्हिटले आयोगाच्या लक्षात ही गोष्ट आली होती. त्या आयोगावर बहिष्कार टाकण्याच्या प्रश्नावरून त्याच वर्षी नागपूर अधिवेशनात आयटकमध्ये फूट पडली, आणि साम्राज्यशाहीने नेमलेल्या आयोगाकडून कामगारांचे भले होणार नाही ही डाव्यांची भूमिका होती. ती राजकीयदृष्ट्या योग्यच होती. तरीही १९३१ च्या अहवालातील एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडण्याचा प्रयत्न करू नका, उलट त्याला ठरावीक मुदतीची रजा घेऊन जाऊ द्या आणि परत आल्यावर त्याचे जुने काम त्याला मिळेल अशी हमी द्या, असा सल्ला आयोगाने मालकांना दिला होता. जवळजवळ शंभर वर्षांनी मानेसरचा ठेका कामगार नेमकी हीच हमी मागतो आहे. गावी जाऊन आल्यावर आपले गेटपास चालू असेल ना, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते.

पक्षाच्या कागदपत्रांचे मराठी भाषांतर करताना या विषयावरचे शब्द नेहमी अडवतात. हिंदीत छुट्टी आणि अवकाश, मराठीत सुट्टी आणि रजा. सुट्टी म्हणजे सुटका. ती सर्वांना एकाच वेळी मिळते आणि दिनदर्शिकेवर तांबड्या आकड्यात छापलेली असते. रजा मात्र एकट्याने मागावी लागते. हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ संमती, मर्जी. राजी आणि रजामंदी हे त्याचेच भाईबंद. जुन्या मराठीत नोकराला कामावरून काढून टाकण्यालाही 'रजा देणे' असेच म्हणत. म्हणजे चार दिवस गावी जाण्याची परवानगी आणि कायमची हकालपट्टी या दोहोंना एकच शब्द पुरत असे, आणि दोन्ही देणारा धनीही एकच. इंग्रजी कायद्यातला 'लीव्ह' हा शब्दसुद्धा परवानगीवाचकच आहे. तिसरा एक शब्द कोणत्याही कायद्यात नाही, पण कष्टकऱ्यांच्या तोंडी तोच अधिक आहे: खाडा. हिंदीत त्याला नागा म्हणतात. त्याकडे पुढे येऊ.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या १९७२ च्या नागरी सेवा (रजा) नियमांतील सातवा नियम पाहावा. रजा हक्क म्हणून मागता येणार नाही, असे तो सरळ सांगतो. सरकारी कामाची निकड असेल तर कोणतीही रजा नाकारण्याचा किंवा दिलेली रद्द करण्याचा अधिकार तो वरिष्ठांना देतो. त्याच नियमांत एका रजेचे नाव 'अर्जित रजा' आहे. अर्जित, म्हणजे कमावलेली. कमावलेली वस्तू हक्काने मागता येत नाही हा कोणता न्याय, असे कोणी विचारले तर ती सेवेची शिस्त आहे असे उत्तर मिळते. तरीही सरकारी कर्मचाऱ्यापाशी संघटना असते, लेखी आदेश असतो, निवृत्तीच्या वेळी तीनशे दिवसांपर्यंतच्या शिल्लक अर्जित रजेचा पगार असतो. कारखान्यातल्या कामगाराच्या हाती यातले किती आले हे पाहायचे असेल तर थोडे मागे जावे लागेल.

आठवड्याची सुट्टीसुद्धा या देशात कोणी आपण होऊन दिलेली नाही. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने फक्त बालकामगारांना महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. प्रौढ कामगारांचा त्यात विचारच नव्हता. १८८४ साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी ही त्यातली पहिल्या महत्त्वाची मागणी होती आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती ही दुसरी. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखनात अजूनही ओझरतीच येते. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. ज्या रविवारी आज गुडगावच्या काचेच्या इमारतींतले संगणक अभियंते घरी विश्रांती घेतात, त्या रविवारचे मूळ महालक्ष्मीच्या त्या मैदानावर आहे.

भरपगारी वार्षिक रजा त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने आली. तोपर्यंत जगात पुष्कळ घडून गेले होते. सोव्हिएत रशियाच्या १९२२ च्या कामगार संहितेने दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि १९३६ च्या सोव्हिएत घटनेत विश्रांतीचा हक्क हे स्वतंत्र कलमच आले. फ्रान्समध्ये जून १९३६ मध्ये जनआघाडीचे सरकार सत्तेवर येताच कारखाने कामगारांनी आतून अडवले होते; त्या संपलाटेच्या दडपणाखाली दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा झाला, आणि कित्येक कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. त्याच महिन्यात जिनीव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने भरपगारी रजेचा पहिला ठराव केला तो वर्षाला फक्त सहा दिवसांचा. १९७० साली त्याच संघटनेने हे प्रमाण तीन आठवड्यांवर नेले. भारत सरकारने या दोहोंपैकी एकाही करारास मान्यता दिलेली नाही.

आपल्याकडे १९४५ च्या दुरुस्तीने प्रौढ कामगाराला वर्षाला दहा दिवस मिळाले. नंतर स्वातंत्र्योत्तर काळातला १९४८ चा फॅक्टरी कायदा आला. त्याच्या ७९ व्या कलमानुसार वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा मिळू लागली. हे आपण सर्वजण जाणतो. युनियनच्या अभ्यासवर्गांत हे शिकवले जाते. परंतु त्याच कलमाच्या शेवटी आणखी एक पोटकलम होते. कामगाराने पंधरा दिवस आधी लेखी अर्ज केला असेल आणि वर्षात तीनपेक्षा अधिक वेळा रजा मागितली नसेल, तर त्याचा अर्ज नाकारता येणार नाही, असे ते सांगत होते. अपवाद एकच. काम अखंड चालावे म्हणून रजेची पाळी ठरवणारी लेखी योजना कारखान्यात लागू असेल, आणि नकार त्या योजनेला धरून असेल, तरच तो ग्राह्य. ही योजनाही मालकाने एकट्याने करायची नव्हती. कार्यसमितीच्या, आणि ती नसेल तर कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या संमतीने ती करायची होती.

म्हणजे 'रजा' या शब्दातली मर्जी एका पोटकलमाने उलटी फिरवली होती. संमती आता कामगारांची लागणार होती. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत हे वाक्य घेऊन आपण किती कारखान्यांच्या फाटकांवर गेलो? वेतनवाढ, बोनस, महागाई भत्ता यांच्यासाठी झालेल्या लढ्यांपुढे रजेच्या पाळीची योजना ही किरकोळ बाब वाटली. मागणीपत्रांत रजेचे कलम शेवटून दुसरे किंवा तिसरे असे आणि वाटाघाटीत सर्वांत आधी सुटे. हा दोष केवळ मालकांच्या माथी मारून चालणार नाही.

याची किंमत काय पडते ते मानेसरने दाखवले. जून २०११ मध्ये मारुती सुझुकीच्या मानेसर कारखान्यातील कामगारांनी आत ठाण मांडून संप केला तेव्हा मुख्य मागणी होती आपल्या पसंतीच्या युनियनची. पण फाटकावर बसलेल्या मुलांशी जे बोलले त्यांना तिच्याखालचे थर लगेच कळले. चहाची सुट्टी साडेसात मिनिटांची, त्यात कपडे सांभाळत लघवीलाही जाऊन यायचे. पाळीत सोडवायला येणारा माणूस नाही. आणि पगाराचा मोठा हिस्सा उत्पादनाशी व हजेरीशी अशा रीतीने जोडलेला की एक दिवसाची रजा घेतली, तर बाराशे ते पंधराशे रुपये कापले जातात, असे कामगार त्या वेळी सांगत होते. रजेपोटी होणाऱ्या या कपातीची दखल दिल्लीच्या पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या 'ड्रायव्हिंग फोर्स' या अहवालातही आहे. १८ जुलै २०१२ रोजी तेथे झालेल्या हिंसाचारात अवनीश कुमार देव हे व्यवस्थापक मरण पावले. तो मृत्यू दुःखदच होता. त्यानंतर पाचशेहून अधिक कायम कामगार काढले गेले. २०१७ च्या मार्चमध्ये गुडगावच्या न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी १३ जणांना जन्मठेप झाली, आणि ११७ जण निर्दोष सुटले. निर्दोष ठरलेल्यांतील अनेकांची उमेदीची वर्षे तोपर्यंत तुरुंगात गेली होती. त्या साऱ्या प्रकरणाचा विचार येथे करावयाचा नाही. एवढ्या मोठ्या संघर्षाच्या तळाशी चहाची साडेसात मिनिटे आणि एक दिवसाची रजा अशा गोष्टी होत्या, हे मात्र विसरता कामा नये.

हजेरी भत्ता हे हत्यार मारुतीपुरते नाही. राजधानीच्या सभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यात ते सर्रास वापरले जाते. रजा मंजूर आहे, तिचा पगारही मिळतो, मात्र महिन्यात एक दिवस गैरहजर राहिल्याबद्दल भत्ता अर्धा होतो आणि दोन दिवसांबद्दल संपूर्ण जातो. कायद्याने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची ही तऱ्हा. त्यात नकार नाही, शिक्षा नाही, 'बक्षीस मिळाले नाही' इतकेच. भांडवलदारी हिशेबाची ही सफाई पाहून थक्क व्हायला होते.

सणाच्या काळात सगळेच निघाले तर कारखाना चालणार कसा, असा युक्तिवाद व्यवस्थापक करतात. तो अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही; छठ एकाच वेळी येते आणि निम्मी पाळी बिहारची असते. पण याच पट्ट्यातले मोटार कारखाने यंत्रांच्या देखभालीसाठी वर्षातून सलग कित्येक दिवस बंद राहतात. सप्टेंबर २०१९ मध्ये गाड्यांचा खप घसरला तेव्हा मारुतीने ७ आणि ९ सप्टेंबर हे दिवस गुडगाव आणि मानेसर या दोन्ही ठिकाणी उत्पादनबंदीचे म्हणून जाहीर केले. यंत्र थकले तर कारखाना थांबतो, बाजार थकला तर थांबतो. माणूस थकला तर मात्र अखंड उत्पादनाचे तत्त्व आठवते. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा काय झाले? ज्यांना चार दिवसांची रजा मिळत नव्हती त्यांना एका रात्रीत बेमुदत आणि बिनपगारी मोकळे केले गेले. त्या आठवड्यातही आनंद विहारला अशीच गर्दी होती, आणि असंख्य माणसे रुळांच्या आणि महामार्गांच्या कडेने चालत गावी गेली.

आता नव्या कायद्याकडे वळू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता लागू केल्या आणि १९४८ चा फॅक्टरी कायदा संपुष्टात आला. त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या ३२ व्या कलमात वार्षिक रजेची तरतूद आहे. २४० दिवसांची अट १८० वर आली आहे. हा बदल कामगारांच्या हिताचा आहे आणि तसे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. संहितांना आपला विरोध आहे म्हणून त्यांतील प्रत्येक ओळ वाईटच असली पाहिजे, असा हट्ट धरला तर कामगार आपले उरलेले म्हणणेही ऐकणार नाहीत. दर वीस दिवसांना एक हे प्रमाण तेच आहे. शिल्लक रजा तीस दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात नेता येते. वर्षअखेर मागणी केल्यास शिल्लक रजेचे पैसे मिळतात.

मात्र या कलमात ते जुने पोटकलम नाही. योग्य रीतीने केलेला अर्ज नाकारता येणार नाही हे वाक्य नाही, कामगारांच्या संमतीने करावयाची पाळीची योजना नाही. त्यांच्याऐवजी उरले आहे ते एवढेच: कामगाराने रजा मागितली आणि ती दिली गेली नाही, तर नाकारलेली रजा कोणत्याही मर्यादेशिवाय पुढे ओढता येईल. ही तरतूद जुन्या कायद्यातही होती, पण तेथे ती नकारावरील बंधनाच्या जोडीला होती. आता ती एकटीच आहे. मालकाने नकार दिला तर त्याला कोणताही जाब नाही. खातेवहीत एक आकडा वाढवला की तो मोकळा. रजा पुढच्या वर्षात ओढता येते, छठ ओढता येत नाही. बहिणीचे लग्न, बापाचा दहावा, बायकोचे बाळंतपण यांनाही पुढच्या वर्षात ओढून नेता येत नाही.

शिवाय या तरतुदीचा लाभ घ्यायचा तर आपण अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला, हे कामगाराने दाखवायला हवे. समस्तीपूरच्या त्या तरुणाने ते कशाच्या आधारे दाखवावे? 'देखेंगे' या शब्दावर कोणाची सही नसते. मुदतबंद करारावरच्या कामगाराला कायम कामगाराइतक्याच सवलती मिळतील, असे नव्या औद्योगिक संबंध संहितेत आहे. असेलही. परंतु मुदत संपल्यावर करार पुढे चालू ठेवायचा की नाही हे ज्याच्या हातात, त्याच्याकडे हक्काची रजा मागायला माणूस दहादा विचार करतो. त्याला कोणी नाकारत नाही. तो मागतच नाही.

रजेच्या रोखीकरणाबद्दल आपल्याच लोकांशी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. वर्षअखेर पैसे मिळणार म्हणून कामगार खूष होतो आणि युनियनही तो आपला विजय मानते. घरभाडे आणि मुलांच्या फीने पिचलेल्या माणसाने पंधरा दिवसांच्या विश्रांतीऐवजी पंधरा दिवसांचा पगार घेतला, तर त्याला दोष कोण देईल? पण हा व्यवहार नीट पाहावा. मालकाला पंधरा दिवसांचे जादा काम मिळाले, तेही जादा कामाच्या दुप्पट दराने नव्हे, साध्या दराने. मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावर एक प्रदीर्घ प्रकरण खर्ची घातले आहे ते उगीच नव्हे. कामगाराचा वेळ विकत घेताना मालक नेहमी तो सुट्या नाण्यांत, मिनिटामिनिटाने आणि दिवसादिवसाने चोरतो, हे तेथे कारखाना निरीक्षकांच्या अहवालांच्या आधारे दाखवलेले आहे. विकलेली रजा ही पगाराच्या अपुरेपणाची पावती आहे. पगार पुरेसा नाही म्हणून रजा विकावी लागते, आणि रजा विकून भागते म्हणून पगाराची मागणी सौम्य होते.

हे सर्व झाले ते दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांबद्दल, कारण संहितेतील आस्थापनेची व्याख्या तेथून सुरू होते. त्याखालच्यांचे काय? दिल्लीच्या सराफ बाजारात सोने-चांदी गाळण्याचे काम करणारे सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले मराठी वाचकांना परिचित आहेत. चार-सहा जणांची एक भट्टी, मालकही गावचाच, बहुधा नात्यातला. तेथे रजेचा अर्ज हा प्रकारच नाही. काकांना विचारायचे, आणि काका म्हणतील तेव्हा जायचे. १९५४ च्या दिल्ली दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला किमान पंधरा दिवसांची हक्काची आणि बारा दिवसांची आजारी वा नैमित्तिक रजा लिहून ठेवली. भट्टीपाशी बसलेल्या पोरांपैकी तिचे नाव किती जणांनी ऐकले असेल? सार्वजनिक सुट्टीचेही तेच. २०२४ साली दिल्ली सरकारने ७ नोव्हेंबरला छठची सार्वजनिक सुट्टी जाहीर केली, तेव्हा कचेऱ्या आणि शाळा बंद झाल्या. ज्यांच्या सणासाठी ती होती त्यांतले पुष्कळसे त्या दिवशी कामावर होते.

आणि गुडगाव-नोएडाच्या उंच इमारतींत सकाळी सहाला शिरणाऱ्या घरकामगार स्त्रिया? त्यांच्या नशिबी रजा नाही, नागा आहे. आजारी पडली तर नागा, मूल आजारी पडले तरी नागा, आणि महिनाअखेर प्रत्येक नाग्याचे पैसे वजा. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला तो वेतनवाढीसाठी आणि आजारपणाच्या भरपगारी रजेसाठी. त्या संपातून उभी राहिलेली संघटना ही महाराष्ट्राची देशाला एक देणगी आहे. घरकामगारांना आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती मिळावी, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारात आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, मान्यता मात्र दिली नाही.

'खाडा' या शब्दाचा सर्वांत भीषण अर्थ मराठवाड्यात कळतो. उचल घेऊन कारखान्यावर गेलेल्या ऊसतोडणी जोडप्याने एक दिवस खाडा केला, तर मजुरी बुडतेच, वर मुकादम दंड लावतो. पाळीच्या दिवसांत, गर्भाशयाच्या विकारात, अंगात ताप असताना कोयता खाली ठेवता येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कारणे अनेक होती, त्यांत खाजगी डॉक्टरांचा लोभही होता; परंतु खाडा नको म्हणून पिशवीच काढून टाकली, हे त्या बायकांनी पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना वारंवार सांगितले आहे. रजेचा प्रश्न हा पांढरपेशांच्या चोचल्यांचा आहे असे ज्या कॉम्रेडना अजून वाटते त्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

तेव्हा यापुढच्या मागणीपत्रांत रजेचे कलम शेवटून दुसरे राहता कामा नये. १९४८ च्या कायद्यातले ते पोटकलम करारात लिहून घेता येते. संहितेने ते गाळले असले तरी करारात घालण्यास मनाई केलेली नाही. रजेचा नकार लेखी आणि कारणासह असावा, आणि सात दिवसांत उत्तर आले नाही तर रजा मंजूर समजावी. मंजूर रजेचा दिवस हजेरी भत्त्यासाठी कामाचा दिवस मानावा. सणाच्या काळातली पाळी कामगार प्रतिनिधींसह ठरावी, म्हणजे यंदा जो राहिला तो पुढच्या वर्षी नक्की जाईल. ठेका कामगाराला रजेवरून परतल्यावर तेच काम आणि तेच गेटपास मिळण्याची हमी मूळ मालकाने द्यावी, ठेकेदाराने नव्हे. यातले शेवटचे सर्वांत कठीण आहे, आणि तेच सर्वांत आधी मागितले पाहिजे.

हे होईपर्यंत एक काम कोणत्याही शाखेला, युनियनची नोंदणी नसली तरी, करता येण्याजोगे आहे. दसऱ्याच्या सुमारास कामगारांना रजेचे अर्ज दोन प्रतींत लिहून द्यावेत. लिहिता न येणाऱ्यांचे आपण लिहावेत. एका प्रतीवर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर अर्ज टपालाने पाठवून पावती जपावी, किंवा भ्रमणध्वनीवरून पाठवून त्याची नोंद ठेवावी. वस्तीत एक साधी वही उघडावी आणि तीत चार रकाने आखावेत: नाव, अर्जाची तारीख, मागितलेले दिवस, मिळालेले उत्तर. शेवटच्या रकान्यात 'पाहू' एवढेच उत्तर असेल तर तेही, कोणी आणि कोणत्या तारखेला दिले यासह, जसेच्या तसे लिहून घ्यावे.